लिफ्टकाकांचं उलथणं

लिफ्टकाकांना आयुष्यात दोनच दिशा माहीत होत्या, वर आणि खाली. छत्तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे डावं आणि उजवं त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. रस्त्यात कुणी पत्ता विचारला की सांगायचे, "असं करा, सरळ वर जा, मग थोडं खाली या." रस्ता असायचा सपाट. विचारणारा बिचारा एकदा आभाळाकडे बघायचा, एकदा काकांकडे बघायचा आणि पुढे जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारायचा.

माणूस मात्र सोन्यासारखा. हाताला हुशार आणि तोंडाला मुका. बोलायची सगळी जबाबदारी त्यांनी लग्न झालं त्या दिवशी बायकोवर सोपवली होती आणि बायकोनं ती आनंदानं घेतली होती. तिला सगळे प्रेसबाई म्हणायचे. चावीवाला आणि दातांचा डॉक्टर यांच्या मधे दीड खोलीचं तिचं दुकान. पुढच्या खोलीत छपाईचं एक यंत्र, एक टेबल, एक उंच स्टूल, आणि मागच्या अर्ध्या खोलीत छतापर्यंत कागद. भिंतीवर एकच पाटी, तीही बाईंनी स्वतः छापलेली : "छापून झाल्यावर तक्रार ऐकली जाणार नाही." तीस वर्षांत तक्रार करायची कुणाची टाप झाली नव्हती, कारण बाईंच्या हातून चूक होत नसे. निदान बाईंचं तरी तसं म्हणणं होतं आणि ते खोडून काढायला पुढे येणार कोण?

लिफ्टकाकांना या दुकानात मज्जाव होता. झालं होतं काय, एकदा बाई बाहेर गेलेल्या असताना काकांनी प्रेमानं यंत्राच्या रुळांना तेल दिलं. लिफ्टला देतात तसं, सढळ हातानं. पुढचे दोन दिवस त्या दुकानातून जे जे छापून गेलं त्या प्रत्येक पानावर तेलाचा एक गोल डाग होता. बाईंनी एक पान घरी आणून काकांच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. "हे बघा तुमचं प्रेम," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून काका उंबऱ्याच्या आत आले नाहीत. डबा द्यायचा असला तरी बाहेरून द्यायचे.

मग ते रिटायर झाले. कंपनीनं एक घड्याळ दिलं, चार जणांनी भाषणं केली, आणि काका घरी येऊन गॅलरीतल्या खुर्चीत बसले. जे बसले ते आठ महिने बसले. पेपर तीनदा वाचायचे, चौथ्यांदा नुसत्या जाहिराती. समोरच्या इमारतीतल्या लिफ्टचा आवाज ऐकून स्वतःशीच म्हणायचे, "तिसऱ्या मजल्यावर घासतेय." घासेना का, त्यांना कोण विचारतंय! दाढी एक दिवसाआड झाली, मग दोन दिवसांआड. एकदा दुपारी चार वाजता त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही. मुळातच कमी बोलणारा माणूस, त्यात नवल ते काय? पण त्या दिवशी त्यांना रडू आलं. डोळे पुसून ते परत पेपर वाचायला लागले. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच.

हे सगळं सांगायचं कारण असं की नवव्या महिन्यात बाईंचं मनगट गेलं.

छपाईचं ते यंत्र एका वेळी पानाची एकच बाजू छापायचं. दोन्ही बाजूंना छापायचं तर पहिली बाजू झाल्यावर पानांची चळत उचलायची, अंगठ्यानं पिसून सुटी करायची, टेबलावर ठोकून काठ जुळवायचे, अख्खी चळत पालथी करायची आणि परत यंत्राच्या तोंडाशी लावायची. दिवसातून पन्नास वेळा. असं तीस वर्षं केल्यावर कुठलं मनगट टिकेल? डॉक्टर म्हणाले, "दुसरं काहीही करा, पण पानं उलटायची नाहीत." बाई म्हणाल्या, "मग करू काय? नुसती पहिली बाजू छापून लोकांना सांगू, मागचं तुम्ही मनानं वाचा?"

पण मनगट बाईंचं ऐकेना. चहाचा कप उचलतानासुद्धा त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. शेवटी एका रविवारी, जेवता जेवता, त्यांनी जाहीर केलं, "महिनाअखेर दुकान बंद. जागामालकाला मी सांगून टाकते. थोरली लेक कधीची बोलावतेय, तिच्याकडे जाऊन राहू. मस्त आराम करू." आणि आराम हा शब्द त्या अशा काही म्हणाल्या की काकांच्या हातातला घास हातातच राहिला.

कारण आराम काय असतो ते काकांना ठाऊक होतं. थोरलीकडेही गॅलरी होती. त्या गॅलरीत शेजारी शेजारी मांडलेल्या दोन खुर्च्या त्यांना स्पष्ट दिसल्या. आपल्याला कुणी पेपर चौथ्यांदा वाचायला लावलं तर एक वेळ चालेल, पण ही बाई? दिवसभर गिऱ्हाइकांना झापणारी, फोनवर कागदवाल्याला रडवणारी ही बाई दुपारी चार वाजता गप्प बसलेली दिसली तर आपल्याला ते सोसायचं नाही, हे काकांना त्या क्षणी कळून चुकलं. पण बोलतील तर ते लिफ्टकाका कसले! "भाजी वाढ जरा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली आणि घरातल्या मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

तीन आठवडे त्या खोलीतून नाना प्रकारचे आवाज येत होते. जुन्या लिफ्टच्या दाराखालची चाकं आली, शिवणयंत्राचे पट्टे आले, दोन टेबलफॅन आपापल्या मोटारी गमावून बसले. घरातला मोठा चौकोनी पत्र्याचा डबा झाकणाला मुकला. बाई विचारायच्या, "अहो, काय चाललंय काय आत?" काका म्हणायचे, "काही नाही." छत्तीस वर्षांच्या नोकरीत अडकलेल्या माणसांना बाहेरून "काही नाही, काही नाही" असा धीर देऊन देऊन त्यांना ते दोन शब्द फार छान जमायचे.

तयार झालं ते यंत्र दिसायला भयंकर होतं. पण त्यात एक अक्कल होती. छपाईयंत्राच्या तोंडातून पान बाहेर पडलं की ते डब्याच्या झाकणापासून केलेल्या एका झडपेवर यायचं. झडप खाली असेल तर पान सरळ बाहेर, तयार मालाच्या खोक्यात. झडप वर असेल तर पान चाकांच्या कचाट्यात सापडायचं, उतारावरून वर चढायचं, टोकाला जाऊन पालथं व्हायचं आणि पट्ट्यावरून घसरत परत छपाईयंत्राच्या मागे, कोऱ्या पानांच्या चळतीखाली जाऊन बसायचं, दुसऱ्या बाजूसाठी तयार. म्हणजे पहिल्या खेपेला झडप वर ठेवायची, सगळी पानं आपली आपण उलटून परत येणार. मग दुसऱ्या बाजूचा मजकूर लावायचा, झडप खाली करायची, की सगळी बाहेर. कुणाच्या मनगटाला तोशीस नाही. फक्त प्रत्येक पानाला "टिंग" अशी घंटा वाजायची. ती लिफ्टची होती. काढली की अख्खं यंत्रच बंद पडायचं. असं का, ते काकांनाही कळलं नव्हतं.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा बाईंच्या हातात एकच काम राहिलं होतं. हॉस्पिटलची नोंदपत्रकं. प्रत्येक खाटेशी एक, पुढे ताप आणि नाडी, मागे औषधांच्या वेळा. नऊशे पानं, दोन्ही बाजूंनी. हे काम अठरा वर्षं बाईंकडेच होतं. कागदही हॉस्पिटलच मोजून द्यायचं, पिवळा, जाडसर, बाजारात न मिळणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पत्रकं मेट्रनच्या टेबलावर हवी होती. आणि नेमकं आदल्या सकाळी बाईंना साधी कुलपाची किल्ली फिरवता येईना. चावीवाल्यानं येऊन दार उघडून दिलं.

अकराच्या सुमारास लिफ्टकाका हातगाडी ढकलत दुकानासमोर आले. गाडीवर चादरीखाली झाकलेलं काहीतरी होतं.

"हे काय आणलंत?"

"काही नाही," काका म्हणाले आणि त्यांनी चादर ओढली.

बाई यंत्राभोवती एक पूर्ण फेरी मारून आल्या. "अगं बाई! हे माझ्या डब्याचं झाकण!"

"पानं उलटतं," काका म्हणाले. "तुला उलटायला नको."

"म्हणजे उलथणं आहे म्हणा की."

"एक दुपार दे मला. फक्त एक दुपार."

एरवी बाईंनी त्यांना गाडीसकट परत पाठवलं असतं. पण हात गळ्यात बांधलेला, नऊशे पानं समोर आणि उद्याचे दहा डोक्यावर. शिवाय नवऱ्याचा चेहरा. असा चेहरा त्यांनी थोरलीच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलच्या दारात पाहिला होता. "या आत," त्या म्हणाल्या. "पण माझ्या यंत्राला तेल दिलंत तर बघा!"

दातांच्या डॉक्टरांचे दोन पेशंट गाल धरून बघायला आले. पहिली बाजू सुरू झाली. टिंग. पान झडपेवर आलं, वर चढलं, पालथं पडलं, घसरत मागे गेलं. टिंग. दुसरं. टिंग. तिसरं थोडं वाकडं गेलं, काकांनी एका चाकाला चापट मारली, चौथ्यापासून सगळी नीट. कोरी बाजू वर, छापलेली खाली, अगदी काठाला काठ. बाई स्टुलावर बसून डोळ्यांची पापणी न लववता बघत होत्या. शंभर झाली, दोनशे झाली. एक पान फाटलं नाही, एक अडकलं नाही.

"बरं चाललंय," बाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडून 'बरं' हा शब्द यापूर्वी थोरलीच्या लग्नात निघाला होता. काकांचे कान लाल झाले.

तीन वाजता बाईंना हात शेकायला डॉक्टरकडे जायचं होतं. निघताना त्यांनी सूचनांची सरबत्ती केली. मागच्या बाजूचा मजकूर लावून ठेवलाय, झडप खाली करा, बटण दाबा, शंभराशंभराचे गठ्ठे बांधा, दुसऱ्या कशालाही हात लावू नका. आता बाईंचा स्वतःचा तीस वर्षांचा नियम होता : दुसऱ्या बाजूचं पहिलं पान निघालं की मशीन थांबवायचं आणि ते पान उलटसुलट करून बघायचं. हा नियम इतका अंगात मुरलेला होता की तो कुणाला सांगावा लागतो हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही. आणि काकांच्या डोक्यात येणार कुठून? काकांनी आजवर कागदावर काय लिहिलंय ते कधी बघितलंच नव्हतं. त्यांचं लक्ष झडपेवर होतं.

नऊशे टिंग झाले. काकांनी गठ्ठे बांधले, सुतळीच्या गाठी लिफ्टच्या दोरासारख्या आवळल्या, फरशी झाडली आणि दारात उभे राहिले. चावीवाल्याला त्यांनी न विचारता सांगितलं, "झालं. नऊशेच्या नऊशे." चावीवाला म्हणाला, "आज बोललात की!"

बाई साडेपाचला आल्या. वरच्या गठ्ठ्यातलं एक पान डाव्या हातानं ओढून काढलं. पुढची बाजू बघितली, मान हलवली. पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं. दुसऱ्या गठ्ठ्यातलं काढलं, तिसऱ्यातलं काढलं. मग स्टुलावर बसल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, आणि बाई हळू बोलल्या म्हणजे संकट मोठं आहे हे काकांना ठाऊक होतं. "मागची बाजू सगळी डोकं खाली, पाय वर आलीय."

"असं कसं?"

"असं कसं ते मला विचारता? माणूस झोपेत कूस बदलतो तेव्हा त्याचं डोकं उशीवरच राहतं की नाही? पान तसं उलटायचं असतं. कुशीवर! तुमच्या यंत्रानं एकेका पानाला कोलांटी मारायला लावलीय. डोकं होतं तिथे पाय! बाजूला वळवायचं सुचलं नाही तुम्हाला?"

काकांनी यंत्राकडे पाहिलं. पान वर जातं, खाली येतं. बाजूला वळायची त्यात सोयच नव्हती. तीन आठवड्यांत तो विचार त्यांना एकदाही शिवला नव्हता.

"पण मी तपासलं होतं," ते म्हणाले. "तीन आठवडे रोज तपासत होतो."

"कसं तपासलंत?"

"कोऱ्या कागदाच्या एका बाजूला फुली मारायची, यंत्रात घालायचा. फुली खाली गेली की झालं."

"फुली!" बाई ओरडल्या. शेजारी डॉक्टरांचं ड्रिल थांबलं. "अहो, फुलीला डोकं कुठलं न् पाय कुठले! ती कशीही धरली तरी फुलीच!"

काकांनी यंत्रावर चादर घातली. पिवळा कागद संपल्यात जमा होता, उरलेली वीस पानं नमुन्यापुरतीसुद्धा धड नव्हती, आणि कागद नवीन मागवायचा तर आठवडा. बाईंची तीस वर्षं आपण एका दुपारी बुडवली, तीही शेवटच्या कामात, हे त्यांना इतकं लागलं की घरी जाताना ते दोनदा रस्ता चुकले. बाई पुढे चालत होत्या. चुकतील तिथे थांबायच्या, पण वळून बघायच्या नाहीत.

सकाळी बाई म्हणाल्या, "मी जाऊन सांगते मेट्रनला."

"मी येतो."

"काही गरज नाही."

"नऊ गठ्ठे आहेत," काका म्हणाले. बाईंनी आपल्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

मेट्रनची खोली दुसऱ्या मजल्यावर, वॉर्डाच्या तोंडाशीच. मेट्रन अंगानं भरभक्कम आणि आवाजानं इतकी मऊ की रागावली तरी आधी कळायचं नाही. काकांनी गठ्ठे टेबलावर रचले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. बाई बसल्या नाहीत.

"मेट्रन, तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून चूक झालीय," त्या म्हणाल्या.

"नाही, नाही, चूक मी..." काका पुढे सरकले.

"तुम्ही गप्प बसा. दुकान माझं आहे, चूकही माझीच." बाईंनी वरचा गठ्ठा पुढे सरकवला. "मागची बाजू उलटी छापली गेलीय. सगळी नऊशे. कागद तुमचा वाया गेला. तुम्ही बोलाल ते ऐकून घेईन."

काकांना वाटलं, जमीन दुभंगली तर आपण आधी उडी मारू. आपल्यासाठी ही बाई मान खाली घालून उभी राहिली, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यापेक्षा तिनं चार माणसांत शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मेट्रननं एक पत्रक घेतलं. पुढची बाजू पाहिली. मग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला एक पॅड काढला, खाटेशी लटकवतात तसला, वरच्या बाजूला मोठा चिमटा असलेला. पत्रक त्या चिमट्यात लावलं. खालच्या कडेला धरून पान वर उचललं आणि चिमट्यावरून मागे टाकलं. मागची बाजू समोर आली. मेट्रननं ती वाचली. परत खाली सोडलं, परत वर उचललं. असं तीनदा केलं.

"सिस्टर!" तिनं हाक मारली. "जरा सगळ्या इकडे या."

आता चारचौघींत पंचनामा, बाईंनी मनाशी म्हटलं आणि पदराचं टोक मुठीत धरलं. चार सिस्टर आल्या. मेट्रननं पॅड पहिलीच्या हातात दिला. तिनं पान वर टाकलं आणि तोंडावर हात नेला. "अय्या, सरळ!" दुसरीनं तिच्या हातून ओढून घेतला. तिसरी म्हणाली, "मला बघू दे गं!" चौथी चक्क टाळ्या वाजवायला लागली.

"यात चूक कुठे आहे?" मेट्रननं विचारलं.

बाईंनी पॅड हातात घेतला. पान वर उचललं. औषधांच्या वेळा, अक्षर न् अक्षर, डोळ्यांसमोर सरळ उभं. चिमटा वरच्या बाजूला, पान वर टाकायचं, म्हणजे डोक्याच्या जागी पाय यायलाच हवेत. पुस्तकासारखं छापलं तर इथे उलटंच दिसणार. साधी गोष्ट. शेंबड्या पोराला कळावी अशी.

"आणि आजपर्यंत?" बाईंनी विचारलं.

"आजपर्यंत काय, पॅड असा गोल फिरवायचा आणि वाचायचं." मेट्रननं फिरवून दाखवला. "नवीन सिस्टर आली की पहिल्या दिवशी आधी हेच शिकवतो. काहीजणी मानच वाकडी करून वाचतात."

"अठरा वर्षं?"

"अठरा वर्षं."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

सिस्टर एकमेकींकडे बघायला लागल्या. मेट्रन आणखी मऊ आवाजात म्हणाली, "एकदा मी स्वतः आले होते सांगायला. दारातून तुमची ती पाटी वाचली आणि परत गेले."

लिफ्टकाकांना हसू यायला हवं होतं. जन्मभर त्यांचं चुकत आलं होतं आणि बाईंचं बरोबर. आज पहिल्यांदा पारडं फिरलं होतं, तेही पाच जणींच्या साक्षीनं. पण बायकोचा चेहरा बघून त्यांना काडीचा आनंद होईना. ती त्या पॅडकडे बघत होती आणि पान वर टाकत होती, खाली सोडत होती, वर टाकत होती.

"ही कल्पना कुणाची पण?" मेट्रननं विचारलं.

"हिची," काका ताबडतोब म्हणाले. छत्तीस वर्षांत एवढ्या जलद त्यांनी कशाचंही उत्तर दिलं नव्हतं. "हीच म्हणाली, या पत्रकांना कोलांटी पाहिजे म्हणून."

"खोटं बोलतायत," बाई म्हणाल्या. "यांचं यंत्र आहे. आणि कल्पना कसली डोंबलाची, चूकच होती ती. पण यांची चूक माझ्या बरोबरपेक्षा बरी निघाली."

सिस्टर हसल्या. मेट्रन म्हणाली, "मग पुढच्या महिन्यापासून अशीच द्या हं. आणि बाकीच्या वॉर्डांचीही." बाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नमस्कार करून बाहेर पडल्या.

हॉस्पिटलच्या फाटकाशी एक बाक होता. बाई त्यावर बसल्या. काका शेजारी बसले, पण मधे एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून.

"अठरा वर्षं त्या पोरी माना वाकड्या करून वाचत होत्या," बाई म्हणाल्या, "आणि मी घरी येऊन सांगायची की माझ्या हातून चूक होत नाही."

"अगं, पुस्तकासाठी बरोबरच होतं ते."

"खाटेवरचा पेशंट काय पुस्तक आहे?"

फाटकातून माणसं आत जात होती, बाहेर येत होती. मग बाईंनी विचारलं, "खरं सांगा, कशासाठी केलात हा उपद्व्याप? मी म्हटलं होतं ना, बंद करतेय म्हणून? आराम करू म्हटलं होतं ना?"

"म्हणूनच केला," काका म्हणाले.

"म्हणजे?"

काकांनी चपलेच्या टोकानं जमिनीवर एक रेघ ओढली, ती पुसली, परत ओढली. "मी आठ महिने आराम केला ना," ते म्हणाले. "तू दुकानात असायचीस, तुला दिसलं नाही. सकाळी उठायचं कशासाठी तेच कळायचं नाही. एकदा तर दुपारी बसल्या बसल्या रडलो. मला काही होत नाही गं, मी आहेच असा. पण तू तशी बसलेली मला बघवली नसती." एवढं बोलून ते दमले. मग म्हणाले, "दुसरं काही जमत नाही मला. वरखाली करणारं काहीतरी बनवता येतं, ते बनवलं."

बाई रस्त्याकडे बघत राहिल्या. त्यांचं नाक लाल झालं. गळ्यात बांधलेल्या हाताच्या पट्टीनंच त्यांनी डोळे पुसले.

"सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या. "आठ महिने! एक शब्द नाही. मी आपली रोज घरी येऊन माझंच पुराण सांगत बसायची."

"ते ऐकायला बरं वाटायचं," काका म्हणाले.

बाईंनी एक मोठा उसासा टाकला आणि उभ्या राहिल्या. "चला. जागामालकाला फोन करायला हवा. त्यानं कुणाला शब्द दिला असेल तर मागे घ्यायला लावते. आणि थोरलीला सांगते की चार दिवस राहायला येऊ, कायमचं नाही." मग त्यांनी काकांकडे पाहिलं, दुकानात नवीन गिऱ्हाइकाकडे बघायच्या तसं, चष्म्यावरून. "ते उलथणं कुशीवर उलटायला शिकेल का? सगळी दुनिया काही पॅडला लावून वाचत नाही."

"शिकेल. तीन आठवडे लागतील."

"दोन."

"बरं, दोन."

"आणि ते घरी मागच्या खोलीत दार लावून नको. दुकानात, माझ्या डोळ्यांसमोर. उद्यापासून बरोबर नऊला यायचं. उशीर झालेला मला चालत नाही, घरचा माणूस असला तरी."

काका बाकावरून उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं.

"साडेआठला आलो तर चालेल का?" त्यांनी विचारलं.